फॉर्म मीच भरतो!

परदेशात येऊन तिसराच दिवस होता आणि बापूंनी एक छोटासा निर्णय घेतला. फॉर्म आपला आपणच भरायचा.

तसं त्यात गैर काहीच नव्हतं. बापू म्हणजे गांडुळांवरचे मोठे अभ्यासक. तिथल्या एका संशोधन संस्थेनं त्यांना वर्षभरासाठी पाहुणे संशोधक म्हणून मानानं बोलावलं होतं. सोबत वहिनी होत्या. (म्हणजे बापूंची बायको, पण त्यांना वहिनी म्हणत नाहीत असे फक्त बापूच.) संस्थेच्या कार्यालयातल्या बाईंनी आल्या आल्याच बजावलं होतं, "आधी ओळख क्रमांक, मग कर क्रमांक. पहिल्याशिवाय घर भाड्यानं मिळत नाही आणि दुसऱ्याशिवाय मानधन. मंगळवारी या, आपण बसून फॉर्म भरू. पाहुण्यांचा सरकारी कचेरीत फार गोंधळ होतो."

हा 'गोंधळ' बापूंच्या जिव्हारी लागला.

"ज्या माणसानं गांडुळाच्या पचनसंस्थेवर चारशे पानं लिहिली," ते खोलीवर येऊन म्हणाले, "त्याला चार पानांचा फॉर्म जड जाणार?"

"ती चारशे पानं कुणी खिडकीत उभं करून तपासली नव्हती," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा जीव घराकडे लागला होता. संस्थेनं दिलेली खोली शुक्रवारी सोडायची होती. दोन गल्ल्या पलीकडे त्यांनी एक घर पाहून ठेवलं होतं: दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि लांबलचक ओटा. बावीस वर्षं सासू, दोन जावा आणि एक नणंद यांच्यात वाटलेल्या स्वयंपाकघरात काढल्यावर पहिल्यांदाच डबे स्वतःच्या मनासारखे लावता येणार होते. म्हाताऱ्या घरमालकानं शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पुढे मात्र दुसरे भाडेकरू रांगेत होते.

बापूंनी पेन उघडलं. दुसऱ्या पानावर प्रश्न होता, 'आपण इतर कोणत्या नावांनी ओळखले जाता?' आता शास्त्रज्ञ माणूस खोटं कसं लिहिणार? त्यांनी लिहिलं: घरी 'बापू', कॉलेजात 'सर', विद्यार्थ्यांमध्ये (पाठीमागे) 'गांडूळसर'.

"अहो, इतकं खरं लिहू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फॉर्मवर त्याच प्रश्नापुढे एक आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी दोघं सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकून बाईंनी बापूंचा फॉर्म दोनदा वाचला.

"तुम्ही चार नावं वापरता?"

"मी नाही वापरत. लोक वापरतात."

"आणि हे मधलं नाव?"

"ते वडिलांचं."

बाईंनी वहिनींचा फॉर्म ओढला. "यांच्या मधल्या नावाच्या जागी तर तुमचं नाव आहे."

"हो. त्या माझ्या पत्नी."

"बरं. मग तुमच्या वडिलांचं मधलं नाव?"

"त्यांच्या वडिलांचं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुमच्याकडे कुणालाच स्वतःचं असं मधलं नाव नाही?"

"नाही ना," वहिनी म्हणाल्या, "पण त्यामुळे कुणी हरवतही नाही."

बाई हसल्या. एकदा हसल्यावर त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्यावर गुडघेदुखीचा विषय निघाला. (दोघींचाही डावाच.) बापूंच्या फॉर्मवर मात्र लाल शिक्का बसला, 'एकाहून अधिक नावे – पडताळणी आवश्यक', आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावर धाडण्यात आलं.

दुसऱ्या मजल्यावरचे साहेब शिस्तीचे होते. "व्यवसाय?"

"गांडुळं."

"पाळता?"

"अभ्यास करतो."

"येताना सोबत आणलीत का?" साहेबांनी चेहरा न हलवता गमतीनं विचारलं. दुसरा कुणी असता तर हसून 'नाही' म्हणाला असता.

"फक्त बारा," बापू म्हणाले.

साहेबांचं पेन हवेतच थांबलं.

"मेलेली आहेत हो!" बापू घाईघाईनं म्हणाले. "स्पिरिटमध्ये. विमानतळावर रीतसर कागद दाखवलेत. बाटली अगदी सुरक्षित आहे, आमच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. जॅमच्या मागे."

"कुठे?" हा आवाज साहेबांचा नव्हता. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात कोरं करकरीत ओळखपत्र होतं. खालच्या बाईंनी वीस मिनिटांत काम उरकून दिलं होतं आणि ती आनंदाची बातमी द्यायला त्या जिना चढून आल्या होत्या.

"मी तीन दिवस त्या फ्रिजमधला जॅम खातेय," त्या शांतपणे म्हणाल्या. बावीस वर्षांच्या अनुभवावरून बापूंना ही शांतता ओळखीची होती. साहेबांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी उठून खिडकी उघडली.

पुढचा दीड दिवस बापू पायऱ्या झिजवत होते. गांडुळांचे कागद बरोबर निघाले, पण नावांची फाईल काही हलेना. पडताळणीला खोलीचा तात्पुरता पत्ता चालेना, भाडेकरार लागेल म्हणाले. करार मागायला गेले तर घरमालक म्हणाला, "ओळख क्रमांक आणा." बुधवारी बापू या दोघांच्या मध्ये पाच वेळा चालले. गुरुवारी सकाळी ते पलंगाच्या कडेला बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. संस्थेतल्या त्या बाईंकडे जायला हवं होतं. तुझं घर माझ्यामुळे जाणार."

वहिनींनी बॅग भरता भरता मान वर केली. बापू 'माझं चुकलं' म्हणाले, हे त्यांना पुन्हा एकदा ऐकायला आवडलं असतं. पण वेळ नव्हता.

"चपला घाला," त्या म्हणाल्या. "घरमालकाला ओळख क्रमांक हवाय ना? माझ्याकडे आहे."

बापूंनी चपला घातल्या. चारशे पानांच्या लेखकाला हे सुचलं नव्हतं.

तासाभरात करार झाला, वहिनींच्या एकटीच्या नावानं. तिथून दोघं तडक दुसऱ्या मजल्यावर. साहेबांनी करार वाचला. "घर यांचं आहे. तुम्ही यांच्याकडे राहता, असं यांनी लेखी द्यायला हवं." त्यांनी एक कागद पुढे केला.

वहिनी लिहायला बसल्या. 'सदर इसमास किती काळ ओळखता?' बावीस वर्षे. 'सदर इसम विविध नावांनी ओळखला जातो, तो एकच आहे काय?' होय, एकच पुरे आहे. 'सदर इसमाच्या वर्तणुकीबद्दल मत.' इथे वहिनी थांबल्या. फार वेळ थांबल्या. बापूंच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी एका ओळीत लिहिलं, 'खोटं बोलत नाही. बोलता येतच नाही.'

साहेबांनी ती ओळ वाचली, बापूंकडे पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "हे मीही शपथेवर सांगू शकतो," म्हणत त्यांनी शिक्का मारला.

शुक्रवारी सामान नव्या घरात आलं. गांडुळांची बाटली संस्थेच्या प्रयोगशाळेत गेली, जॅम कचऱ्यात गेला आणि डबे वहिनींच्या मनासारखे लागले. अकराव्या दिवशी कर क्रमांकाचं पाकीट आलं. बापूंनी तो क्रमांक दोनदा मोठ्यानं वाचला आणि वहिनींनी दोन्ही वेळा ऐकून घेतला.

ही हकिगत संस्थेत पसरायला कितीसा वेळ लागणार? महिन्याभरात परदेशातून आलेला प्रत्येक नवा संशोधक कार्यालयातल्या बाईंऐवजी वहिनींच्या स्वयंपाकघरात फॉर्म घेऊन येऊ लागला. बाईंनीच पाठवायला सुरुवात केली होती. ओट्याजवळ टेबल आलं, टेबलावर फाईल आली, फाईलवर वहिनींच्या अक्षरातली नंबरांची चिठ्ठी आली.

एका संध्याकाळी बापू घरी आले तेव्हा टेबलाशी एक भूगर्भशास्त्रज्ञ आणि एक तत्त्वज्ञ बसले होते. बापूंच्याही हातात कर खात्याचा एक नवा कागद होता. आज त्यांनी स्वतःहून पेन उघडलं नव्हतं. ते खाकरून म्हणाले, "अगं, जरा हे बघतेस का?"

वहिनींनी फॉर्ममधून मान वर काढली नाही.

"बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "नंबर आला की बोलावते."