तेरड्यावरचा पाहुणा

सगळं त्या सकाळच्या चहामुळे झालं. एरवी मी चहा टीव्हीसमोर पितो. पण घरात गौरीसाठी साफसफाई चालली होती आणि दामिनीने (ही माझी पत्नी, आणि घरातली एकमेव कामाची व्यक्ती) मला फडक्याने झटकत झटकत दाराबाहेर काढलं होतं. म्हटलं, चला, आज बागेत बसून पिऊ.

बाग म्हणजे आमच्या सापगावच्या घरामागची तुकडाभर जागा. तीत कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि आपोआप उगवलेला, फुलांनी लवलेला तेरडा. त्या तेरड्यासमोर काहीतरी हवेत उभं होतं. खरंच उभं! पंख दिसत नव्हते, नुसती भुरभुर. तोंडातून लांबलचक नळी काढून एका फुलातला रस ओढला, मागे सरकलं, दुसऱ्या फुलापुढे उभं राहिलं. माझा चहा गार झाला. इतकं सुंदर काही माझ्या बागेत येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मोबाइलवर शोधलं. हमिंगबर्ड मॉथ! म्हणजे त्या इवल्या पक्ष्यासारखा हवेत थांबून रस पिणारा पतंग. शहापूरच्या ऑफिसात पोचताच मी जाहीर करून टाकलं.

शेजारच्या टेबलावरच्या रविंद्रने फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"बिबट्यावानीच ना?"

इथे एक खुलासा. गेल्या वर्षी मी घरामागे बिबट्या पाहिला होता आणि तो पुढे गावातल्या देवरामचा चट्टेरी कुत्रा निघाला. (अंधार होता. कुत्राही मोठा होता.) तेव्हापासून ऑफिसात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती. मी रजेचं खरं कारण दिलं तरी लोक हसायचे.

"फोटो दाखवतो," मी म्हणालो.

"दाखव. मंग मानू."

झालं! एकदा तरी या लोकांनी माझं म्हणणं खरं मानावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या संध्याकाळी मी तेरड्यापुढे पालथा पडलो. फोटो पुष्कळ निघाले. काहींत तेरडा होता, काहींत माझा अंगठा. पतंग मात्र बटण दाबायच्या आधीच पुढच्या फुलावर.

"अहो, चक्कर आली का?" दामिनी दारातून ओरडली.

"फोटो काढतोय!"

"काढा, पण तेरडा तुडवू नका. उद्या आत्याबाई किन्हवलीवरनं येतायत, गौर आणायला. बांधावरचा तेरडा तुमी तणनाशक मारून घालवलात, आता एवढाच राहिलाय."

हे खरं होतं. आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट उपटलेली झाडं सुपात ठेवून, नवा खण नेसवून घरात आणायची. ती आणायचा मान घरच्या लेकीचा, म्हणजे माझ्या धोंडूआत्याचा. म्हणजे उद्या संध्याकाळी तेरडा घरात आणि माझा पतंग दुसऱ्याच्या बागेत!

मोबाइलवर एक बाई सांगत होती की फुलांवर साखरपाणी फवारलं की असे पाहुणे जास्त वेळ थांबतात. साखरेच्या डब्यावर सणामुळे दामिनीचा पहारा होता. मग मी गूळ घेतला. चांगला घट्ट पाक केला, काच पुसायच्या बाटलीत भरला आणि सगळा तेरडा न्हाऊ घातला.

सकाळी पाहुणे आले होते. पण त्या लाल मुंग्या होत्या. फुलाफुलांत, पानांच्या बगलेत, नुसती जत्रा! मी हलवून पाहिलं, त्या आणखी आत गेल्या. दामिनीला सांगावं, तर गूळ सांगावा लागणार. म्हटलं, जातील संध्याकाळपर्यंत. (माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय असेच झाले आहेत.)

दिवस कलताना आत्या तेरड्याचं सूप छातीशी धरून अंगणातून निघाली. अंबाड्यात तिने एक तेरड्याचा तुरा खोचला होता. मागे दामिनी, शेजारची राही, आणखी चारदोन बायका.

"गौर आली, कशाच्या पायी?" राहीने विचारलं.

"सोन्याच्या पा... आय गं!"

आत्या थबकली. खांदा उडवला. मग मान. मग एका पायावर गिरकी घेतली आणि सूप न सोडता अशी काही घुमायला लागली की बायकांनी पटापट हात जोडले.

"गौराय अंगात आली गो!" राही पायांवरच पडली. "आये, माझ्या सुनिलला नोकरी लागल का?"

"लागल, लागल! आधी मला सोडवा!"

"कोण त्रास देतो, आये?"

आत्याने चिकट बोट नाकाशी नेलं. "गूळ! अगो, गूळ!"

"गूळ मागते! आणा गो, गूळ आणा!"

राही धावत जाऊन ढेप घेऊन आली आणि आत्याच्या तोंडात खडा कोंबला. आता आत्याला बोलताही येईना. मी जास्वंदीमागे उभा होतो आणि जमीन दुभंगण्याची वाट पाहत होतो.

शेवटी दामिनीनेच पुढे होऊन सूप घेतलं. तिला मुंग्या दिसल्या. मग तिने वळून जास्वंदीकडे पाहिलं. आत्याला मोरीत नेऊन तिच्यावर बादल्या ओतल्या, तेरडा बादलीत बुचकळून धुतला, आणि तीच ओली, हिरवीगार गौर पुन्हा पहिल्या पावलापासून घरात आणली. "दरसालपेक्षा टवटवीत दिसते," आत्या स्वतःच म्हणाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

लुगडं बदलून ती अंगणात पाटावर टेकली. अंबाड्यातला तुरा जागच्या जागी होता. बायका पुढून पाया पडत होत्या (मुंग्या कळल्या तरी, उगाच धोका कशाला?). पुढे जायची माझी छाती नव्हती, मी मागे उभा राहिलो.

आणि तो आला! आत्याच्या अंबाड्यामागे हवेत थांबला, नळी काढली आणि तुऱ्यातला रस प्यायला लागला. मी श्वास रोखून बटण दाबलं. तो उडाला. फोटोत प्रत्येक रेघ लख्ख होती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

तो फोटो मी 'आत्याच्या अंबाड्यावर!' असं लिहून लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

रविंद्रचं उत्तर ताबडतोब आलं. "आत्याची केसांतली क्लिप झकास! कुठं मिळाली? भाविकाला पायजे." (भाविका म्हणजे त्याची बायको.) त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

"क्लिप नाय रे! तोच पतंग, जिवंत!"

"बरं बाबा. दुकान सांगायचं नसंल तर नको सांगू."

मी हताशपणे मोबाइल दामिनीपुढे धरला. तिने फोटो मोठा करून खूप वेळ पाहिला.

"आत्याबाईंना घेतलीत," ती म्हणाली, "आन मला विचारलं पण नाय."

"तुलाही आणतो," मी म्हणालो. गुळाच्या प्रकरणाला अजून रात्रसुद्धा उलटली नव्हती.

गौरीचं विसर्जन झाल्यावर शहापूरचा सगळा बाजार पालथा घातला. शेवटी एका दुकानदाराने फोटो नीट निरखला आणि विचारलं, "साधी पायजे का पंख हलणारी?"

"पंख हलणारी," मी म्हणालो. "दोन द्या. एक भाविकावहिनींना."