झेंड्याचा केक न खाणारे वर्तककाका

वर्तककाका झेंड्याचा केक खात नाहीत. पंधरा ऑगस्टला शारजातल्या अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींनी हौसेनं तिरंगी केक मागवला. मी सुरी उचलली तेवढ्यात मागून गर्जना झाली.

"अनघा, थांब! कशावर सुरी चालवतेयस?"

पोरं ताटल्या घेऊन उभीच. शेवटी काकांनी स्वतःच मार्ग काढला. चमच्यानं वरचं सगळं क्रीम कालवून त्याचा मातकट लगदा केला आणि म्हणाले, "खलास. आता हा नुसता केक. यल्ला, कापा!" चव तीच होती, पण एकाही पोरानं त्याला हात लावला नाही. काकांनीही नाही. डिसेंबरात इथल्या राष्ट्रीय दिनाला त्यांच्या ऑफिसात चाररंगी झेंड्याचा केक येतो, तिथंही ते म्हणे नुसता चहा पिऊन परततात.

काका फुजैराच्या बंदरावर, जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत आहेत. आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच असतात. या झेंड्यांच्या वेडाचं मूळ तिथंच असावं. "जहाजाचा मालक ग्रीक, खलाशी फिलिपिनो, माल आपला आणि झेंडा पनामाचा! पनामा कुठे आलं, कप्तानाला विचारा, नकाशा शोधतो." पण बंदराची एक रीत त्यांना मनापासून आवडते. पाहुण्या जहाजानं यजमान देशाचा झेंडाही वर चढवायचा असतो. म्हणून काकांच्या बाल्कनीत इथला झेंडा आणि आत हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, तिरंगा. दोन्ही इस्त्री केलेले. काकू म्हणतात, "माझ्या साडीला इतकी कडक इस्त्री कधी लागली नाही."

मागे भारत आणि इथल्या टीमची मॅच होती. आम्ही सगळे काकांकडे जमलो होतो. इथल्या एका फलंदाजानं आपल्या बॉलरला चौकार मारला आणि काकांनी टाळी वाजवली. एकटी टाळी फार मोठी ऐकू येते.

"काका, पासपोर्ट तपासायला हवा तुमचा," शेजारचे देशपांडे हसत म्हणाले.

काका मात्र हसले नाहीत. "देशपांडे, इथे गोड्या पाण्याची नदी नाही. समुद्राचं खारं पाणी गोडं करून तुमच्या-माझ्या नळाला सोडतात. इतकी वर्षं पितोय. एका चौकाराला टाळी वाजवली तर माझा भारत कमी होतो काय?" पुढे बराच वेळ कुणी चौकार मारू नये असंच सगळ्यांना वाटत होतं.

माझी इरा शारजात जन्मली. शाळेत कुणीतरी तिला तू कुठली म्हणून डिवचलं आणि ती रडवेली होऊन घरी आली. माझं उत्तर तिला पटेना. लिफ्टमध्ये काका भेटले. त्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. म्हणाले, "घर कुठं विचारलं तर सांग, अल नहदा. देश कुठला, तर भारत. आणि थँक्यू कुणाला म्हणायचं, तर दोघांनाही."

"काका, यू हॅव टू पिक वन!"

"थँक्यूमध्ये पिक वन नसतं, हबीबी."

इरा दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं शाळेत गेली. त्याबद्दल मी काकांची कायमची ऋणी आहे.

असा माणूस स्वतःच्या मुलीशी मात्र बोलेनासा झाला. मुक्ता टोरांटोला असते. तिनं तिथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करणं आलं. फोनवर काका एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ." मग काकूच बोलायच्या, काका बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं की. कधीही ये-जा करता येते."

"माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "उद्या आम्ही इथलं आवरून चिपळूणला जाऊ. माझी मुलगी माझ्या दारात येणार, ती कार्ड दाखवून. परवानगी आहे, ते ठीक. पण परवानगी लागते ना?" तेव्हा कुठे मला कळलं, राग देशावरून नव्हताच.

शपथविधीच्या दिवशी तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. मुक्ताची मैत्रीण व्हिडिओ कॉलवरून सगळं दाखवणार होती. फोन टीव्हीला जोडून द्यायला काकूंनी मला बोलावलं. काका आतल्या खोलीत होते, दार बंद. पडद्यावर मुक्ता उजवा हात वर करून शपथ घेत होती. काकू पदर तोंडाशी धरून बघत होत्या. मग तिकडचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि सभागृहातली माणसं उभी राहिली.

आतलं दार उघडलं. काका बाहेर आले आणि टीव्हीसमोर ताठ उभे राहिले. हात सरळ, नजर मुलीवर. गीत संपेपर्यंत हलले नाहीत. त्यांना बघून काकू उठल्या, मग मीही.

थोड्या वेळानं मुक्तानं फोन हातात घेतला. तिचे डोळे सुजले होते. "बाबा? मैत्रिणीला स्क्रीनवर दिसलं म्हणे, तुम्ही उभे होतात?"

"तू उभी होतीस," काका म्हणाले. "मी बसून कसा राहणार?"

मुक्तानं डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

फोन बंद झाल्यावर काकू ताटं घ्यायला आत गेल्या. मीही निघाले, तर काका दारापर्यंत आले. इकडे तिकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "अनघा, त्या गीताचे शब्द मिळतील का गं कुठे? देवनागरीत दिलेस तर बरं. पुढच्या वेळीही नुसतं तोंड मिटून उभं राहायचं म्हणजे पोरीला वाटायचं, बाबा अजून रागावलाय."