काळसेकरबाईंचा क्रीडाविभागावर आक्षेप

सिंगापुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला थोडंसं मराठी येतं. 'मागे बघ गं!' असं ओरडलं की त्या मागे बघतात. 'सोडू नकोस!' म्हटलं की चेंडूवर तुटून पडतात. आणि 'अगं बाई, अशी काय!' हे ज्या मुलीला उद्देशून म्हटलं जातं, ती मुकाट्यानं बाहेर येऊन बाकावर बसते. या शेवटच्या वाक्याचा अर्थ 'तू दमलीस, बाहेर ये' असा त्यांनी आपापसात ठरवून टाकला आहे. बाईंनीही तो दुरुस्त केलेला नाही, कारण बहुतेक वेळा तो बरोबरच निघतो. संघात चिनी मुली आहेत, मलय आहेत, एक तमिळ आहे. मराठी एकही नाही.

ओरडणाऱ्या बाई म्हणजे आमच्या शेजारच्या काळसेकरबाई. बिशानला आमच्याच मजल्यावर राहतात. एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाल्या, पण ऑडिट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कोणतीही गोष्ट मनाविरुद्ध झाली की त्या चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "माझा आक्षेप आहे." लिफ्ट उशिरा आली तरी आक्षेप असतो आणि खाली खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्यानं साखर जास्त घातली तरी आक्षेप असतो. एकदा माझ्या बायकोनं केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवरही त्यांनी आक्षेप घेतला होता. पण दोनदा वाढून घेतल्यावर.

आवाज मात्र त्यांचा मूळचा नव्हे, तो कमावलेला आहे. यजमान जहाजावर चीफ इंजिनिअर होते. आयुष्यभर इंजिनरूममध्ये राहून त्यांचे कान गेले. घरी बाई "चहा घेणार का?" असं विचारतात तेव्हा आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं मनातल्या मनात हो म्हणतात.

या बाई कॉलेजच्या मुलींच्या मागे कशा लागल्या, ते सांगतो. आमच्या ब्लॉकमध्ये शेर्लिन नावाची एक मुलगी राहते. एकदा लिफ्टमध्ये तिच्या पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग होती. बाईंनी चौकशी केली. शेर्लिन म्हणाली, "आंटी, आय गोलकीपर." खेळ कुठला? तर फ्लोअरबॉल. म्हणजे हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या काठीनं आणि भोकाभोकांच्या हलक्या चेंडूनं खेळायची हॉकी. यात गोलकीपरच्या हातात काठीसुद्धा नसते. तिनं तोंडावर जाळी लावायची, गुडघ्यांवर बसायचं आणि येईल तो चेंडू अंगावर घ्यायचा.

"बघायला कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"नोबडी कम वन लाह," शेर्लिन अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि तिचा मजला आला म्हणून उतरून गेली.

कोणी बघायला येत नाही, हा बाईंचा या प्रकरणातला पहिला आक्षेप. त्या शनिवारी त्या मॅचला जाऊन बसल्या आणि तेव्हापासून आजतागायत उठलेल्या नाहीत.

मुली वाईट खेळत नव्हत्या. वाईट होता तो कॉलेजचा क्रीडाविभाग. बाई त्याला नुसतं 'विभाग' म्हणतात, जसं जुन्या काळी बायका नवऱ्याला नुसतं 'हे' म्हणत, पण बरोबर उलट भावनेनं. विभागाचा सगळा जीव बास्केटबॉलवर. बास्केटबॉलच्या मुलांचे फोटो कॉलेजच्या फाटकावर हत्तीएवढे. त्यांना बस, त्यांना ट्रॅकसूट, त्यांच्या घामाला वेगळे टॉवेल. फ्लोअरबॉलच्या मॅचची सूचना नोटीसबोर्डाच्या कोपऱ्यात, कोणाची तरी हरवलेली छत्री सापडली आहे त्या कागदाच्या खाली. मुलींचे शर्ट आदल्या तुकडीचे. त्यातून दोन शर्टांवर एकच नंबर आला, तेव्हा एकीच्या पाठीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवून नवा नंबर केला. दुसऱ्या डावात टेप घामानं सुटली आणि आठाचा तीन झाला. पंचानं खेळ थांबवला. बाईंनी वरून ओरडून पंचांना सांगितलं की चूक मुलीची नाही, विभागाची आहे. हे त्या मराठीत बोलल्या, पण 'विभाग' म्हणताना कॉलेजच्या ऑफिसकडे असं काही बोट दाखवलं की पंचांनाही कळलं.

एकदा विभागानं मॅचचा हॉलच चुकीचा कळवला. मी त्या दिवशी बाईंबरोबर गेलो होतो. आम्ही जाऊन बसलो. समोर पांढऱ्या कपड्यांतली छोटी छोटी पोरं लाथा झाडत होती. ती तायक्वांदोची शिकवणी आहे हे मी सांगेपर्यंत बाईंनी एका पोराला 'सोडू नकोस' म्हणून सांगितलेलं होतं, आणि त्यानं खरंच सोडलं नव्हतं.

दुखापत झाली तर विभागाच्या पेटीत नुसत्या चिकटपट्ट्या. बर्फ नाही. म्हणून बाई घरून फ्रीजरमधले मटार नेऊ लागल्या. मुलींचे गुडघे, घोटे, कोपरं मटारांच्या पिशव्यांनी शेकले जात. मॅच संपली की पिशव्या परत घरी. "पिशवी बंदच असते रे, तुला काय होतंय!" असं म्हणत बाईंनी मला एकदा मटार उसळ वाढली. चव चांगली होती. पण खाताना सारखं शेर्लिनच्या डाव्या गुडघ्याबद्दल आदर वाटत होता.

बाईंनी विभागाला मेल लिहायला सुरुवात केली. प्रत्येक मेलला एकच उत्तर यायचं, 'आपल्या सूचनेबद्दल आभार, नोंद घेतली आहे.' बाई ते मला वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "नोंद घेतली म्हणजे काय केलं? मी बँकेत असताना असं कोणी लिहिलं असतं तर मी त्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले असते."

शेवटी त्या तशाच जाऊन उभ्या राहिल्या. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. तिथे डेस्मंड नावाचा एक तरुण अधिकारी होता. गोरा, गोल, घाबरट. त्यानं अदबीनं विचारलं, "आंटी, यू आर हूज मदर?"

"कोणाचीच नाही. म्हणजे इथे कोणाचीच नाही."

"एक्स-स्टुडंट?"

"नाही."

"मग... स्पॉन्सर?"

"आय ॲम प्रेक्षक," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "सांग रे त्याला."

मी सांगितलं की या बघायला येतात. डेस्मंडनं कॉम्प्युटरमध्ये बरंच शोधलं. पालक, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांच्यासाठी त्याच्याकडे सोय होती. नुसत्या बघणाऱ्या माणसासाठी नव्हती. "दॅट इज द प्रॉब्लेम," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही." हे वाक्य त्यांनी इंग्रजीत म्हटलं आणि डेस्मंडचा चेहरा असा झाला, की त्याला शाळेतली एखादी टीचर आठवली असावी.

बिचाऱ्याच्या हातात तरी काय होतं? पण पुढच्या मॅचला बर्फाची पेटी आली. मग शर्ट आले. बाई मटार न्यायच्या थांबल्या नाहीत. "विभागाचा भरवसा नाही," म्हणायच्या.

आणि त्या वर्षी मुली जिंकत सुटल्या. का, ते मला सांगता येणार नाही. शेर्लिन भिंतीसारखी बसू लागली. उपांत्य सामना जिंकल्यावर विभाग खडबडून जागा झाला. फाटकावरच्या बास्केटबॉलच्या मुलांच्या शेजारी मुलींचा फोटो लागला. अंतिम सामना बुकित पंजांगकडच्या एका हॉलमध्ये होता. तिथे जायला बसगाड्या ठरल्या, बघायला येणाऱ्याला दुपारचं जेवण फुकट, शिवाय ढोल वाजवणारं एक पथक. बाई खूश होत्या, पण सावधपणे. "आता बघू, ऐन वेळी काय विसरतात ते," म्हणाल्या.

काही विसरले नाहीत. आम्ही पोचलो तर आमची बाजू गच्च भरलेली. ढोल असे वाजत होते की पहिल्यांदाच बाईंचा आवाज मला शेजारी बसूनही ऐकू येईना. त्या 'मागे बघ गं' म्हणाल्या, कोणी मागे बघितलं नाही. दोनदा म्हणाल्या.

पहिला डाव संपला तेव्हा त्या समोर बघत होत्या. समोरची बाजू म्हणजे प्रतिस्पर्धी कॉलेजची. तिथे ओळीनं निळ्या खुर्च्या आणि त्यांवर माणूस म्हणून नाही. त्यांच्या कॉलेजात परीक्षा होती म्हणे, किंवा बस आली नव्हती. कोणी काही सांगत होतं. त्यांची गोलकीपर एक बारकीशी मुलगी होती. गोल वाचवला की ती सवयीनं त्या खुर्च्यांकडे मान वळवायची आणि परत पुढे बघायची.

"ह्यांचाही विभाग आहे वाटतं," बाई म्हणाल्या. दुसरा डाव सुरू व्हायच्या आत त्यांनी पिशवी उचलली.

"काकू, कुठे?"

"तू बस."

त्या पायऱ्या उतरल्या, मैदानाच्या कडेनं साडी सावरत चालत गेल्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांत बरोबर मधोमध जाऊन बसल्या. आमच्या बाजूला कुजबुज झाली. शेर्लिननं तोंडावरची जाळी वर केली, खात्री करून घेतली आणि परत खाली ओढली.

तिथे बसून बाई ओरडल्या नाहीत. त्या मुलींना काही शिकवणं म्हणजे फितुरी झाली असती, तेवढं इमान त्यांनी राखलं. नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. त्या बारक्या मुलीनं एक चेंडू पोटावर अडवला, मान वळवली, आणि तिथे लाल काठाच्या साडीतली एक अनोळखी म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मुलगी क्षणभर तशीच राहिली.

सामना आम्ही एका गोलनं जिंकला. ढोल, आरडाओरडा, फोटो. इतक्यात डेस्मंडनं माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की विभाग आज आपल्या सर्वांत निष्ठावान प्रेक्षकाचा सत्कार करणार आहे. बाईंसाठी खास टी-शर्ट छापून आणला होता. त्यानं त्यांचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. सगळे इकडे तिकडे बघू लागले. बाई समोरच्या बाजूला गुडघ्यांवर बसून त्या बारक्या मुलीच्या खेळताना मुरगळलेल्या घोट्यावर मटारांची पिशवी धरून होत्या आणि त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. डेस्मंड टी-शर्ट उघडा धरून उभा राहिला. शेवटी मी जाऊन तो घेतला. लोकांनी माझ्यासाठीच टाळ्या वाजवल्या.

शेर्लिन गळ्यात पदक घालून तरातरा बाईंकडे आली. "आंटी, व्हाय यू गो देअर साइड?" तिचे डोळे भरले होते.

"तुमच्याकडे खूप माणसं होती ना गं," बाई म्हणाल्या. शेर्लिन बसमध्ये जाऊन बसली.

आम्ही एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, निघालो. बोटॅनिक गार्डन्सला गाडी बदलली. मग बसायला जागा मिळाल्यावर बाईंनी आपणहून सुरुवात केली.

"आमचा अमेय आता मेलबर्नला असतो, पण झाला इथेच. सरकारी हॉस्पिटलात. हे बोटीवर होते, ब्राझीलकडे कुठेतरी. आईचा पासपोर्टच तयार नव्हता. मी नवी, ओळखीचं कोणी नाही. संध्याकाळी भेटायची वेळ झाली की वॉर्डचं दार उघडायचं आणि सगळ्यांची माणसं आत यायची. डबे, फुलं, पोरंबाळं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. उगाच कोणी कीव करायला नको."

त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली.

"समोरच्या खाटेवर एक चिनी मुलगी होती. तिची सासू यायची, म्हातारी. एका संध्याकाळी ती आपलं स्टूल उचलून माझ्या खाटेपाशी आली. बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. सुनेसाठी आणलेल्या सूपमधलं अर्धं तिनं मला वाटीत ओतून दिलं. भेटायची वेळ संपेपर्यंत बसून होती. मग रोज यायची."

"सूप कसलं होतं?" मी विचारलं. बाई कट्टर शाकाहारी.

"विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "अजूनही विचार केलेला नाही."

"आणि तिची सून? तिला राग नाही आला?"

"आला की. चांगला दिसत होता चेहऱ्यावर. पण तिच्या खाटेभोवती उभं राहायला जागा नव्हती रे."

बिशानला उतरून आम्ही घराकडे आलो. संघाची बस आमच्या आधी पोचलेली होती. ब्लॉकखालच्या दगडी बाकावर शेर्लिन एकटीच बसली होती, बॅग पायाशी, पदक अजून गळ्यात. बाईंना बघून ती उठली नाही. आम्ही जवळ आल्यावर जमिनीकडे बघतच म्हणाली, "आंटी, दॅट गर्ल... हर लेग ओके ऑर नॉट?"

बाई तिच्या शेजारी बसल्या. मी टी-शर्ट बाकावर ठेवला आणि वर निघून आलो.