गुरुजींचा अर्धा शब्द

जगन निचिते गुरुजी भविष्यकाळ शिकवायचे तेव्हा उदाहरण शोधायला लांब जात नसत. फळ्यासमोर उभे राहून ते म्हणत, "गुरुजींची बदली हो…" आणि थांबत. मग पहिली ते चौथीची मिळून बावीस मुलं एका सुरात ओरडत, "णार नाय." पुस्तकात 'नाही' होतं, पण ती दुरुस्ती करणं गुरुजींनी केव्हाच सोडलं होतं. शब्द कसाही म्हटला तरी बदलीत काही फरक पडत नव्हता. "बरोबर. शाब्बास. बसा खाली," म्हणून ते पुढच्या वाक्याकडे वळत.

अर्धा शब्द टाकून थांबायची ही रीत त्यांनी हौसेने लावून घेतली नव्हती. एक खोली, चार इयत्ता आणि एक मास्तर असला की मुलं जागी आहेत की नाहीत हे कळायला दुसरा उपाय नसतो. "महाराष्ट्राची राजधानी मुं…" म्हटलं की "बई" येतंय ना, एवढं बघायचं. अकरा वर्षांत ही खोड इतकी मुरली की घरी गेल्यावरही ते "देवकी, जरा पा…" म्हणून थांबत. त्यांची बायको देवकी पाणी देई, पण शब्द पुरा करत नसे. "मी काय तुमची चौथी हाय?" असं विचारी.

घरी म्हणजे मुरबाडला, आणि तेही रविवारी. शाळा उंबरमाळीच्या डोंगरात, गाडीरस्ता संपल्यावर दीड तासाच्या चढावर. सोमवारी अंधारात निघायचं, आठवडा शाळेच्याच व्हरांड्यात काढायचा आणि शनिवारी परत यायचं. दुसऱ्या शिक्षकाची जागा सात वर्षं रिकामी होती. ती भरण्याची कार्यवाही चालू असल्याचं पत्र दरवर्षी येई, आणि त्यावरचा जावक क्रमांक तेवढा बदललेला असे.

गुरुजींची मुलगी पूजा मुरबाडच्या शाळेत चौथीला होती. तिने 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं, "माझे बाबा दर रविवारी आमच्याकडे येतात." तिच्या वर्गशिक्षिका सरस्वती देसले बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली नाही. मारणार कशी, वाक्यात चूक नव्हतीच. गुरुजींनी ती वही वाचली आणि त्या दिवशी जेवताना ते एक शब्दही बोलले नाहीत, अर्धाही नाही. मुलीच्या त्या शाळेत बदली व्हावी, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. दर वर्षी उत्तर मिळे, जागा रिकामी नाही.

अशात २००४ साली एका नव्या वाहिनीला गुरुजनांचं प्रेम आलं. शिक्षकांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा, प्रत्येक तालुक्याचा एक शिक्षक, आणि सगळं टीव्हीवर. आटगावला शिक्षकांची सभा झाली. शिक्षणाधिकारी फणसेकर साहेब उभे राहिले. हे साहेब शाळांना भेटी देत, पण जीप जाते तिथवरच्या शाळांना.

"आपल्या भागातला जो कोण जिंकेल," साहेब म्हणाले, "त्याच्या शाळेचं मी बघतो. माझा शब्द."

गुरुजींनी हा शब्द पुरा ऐकला. शाळेचं म्हणजे बदलीचं, असा अर्थ लावून तिथेच त्यांनी फॉर्म भरला.

डोंगरात संध्याकाळी पाठांतराशिवाय करायला होतं काय? वाणसामानाच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचून काढलेला माणूस तो. शहापूर तालुक्यात ते पहिले आले, मग वसई, पालघर, भिवंडी असे एकेक तालुके मागे टाकत गेले. दुसऱ्या बाजूने मुरबाडतर्फे सरस्वती देसले बाई जिंकत येत होत्या. त्यांना काहीच नको होतं. घरापासून शाळा पाच मिनिटांवर, दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन कुकर लावून येता येई. मुख्याध्यापकांनी नाव घातलं म्हणून त्या आल्या होत्या आणि उत्तरं येतात म्हणून देत होत्या. अंतिम फेरीत दोघे समोरासमोर आले.

चित्रीकरण ठाण्याच्या एका सभागृहात होतं. वाहिनीच्या लोकांना ग्रामीण रंग पाहिजे होता, म्हणून साहेबांनी दोन हुकूम काढले. एक, तालुक्यातल्या चाळीस शिक्षकांनी टाळ्या वाजवायला हजर राहायचं. दोन, निचिते गुरुजींची मुलं गणवेशात आणायची. बावीस मुलं दोन ट्रॅक्स गाड्यांमध्ये भरून आली. त्यांतल्या चौदा जणांना रस्ताभर उलट्या झाल्या. त्यांना पहिल्या रांगेत, कॅमेऱ्यात दिसतील असं बसवलं.

निवेदिका हसतमुख होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "अफजलखानाचा वध कोणत्या किल्ल्याच्या पायथ्याशी झाला?"

गुरुजींनी घंटी दाबली. समोर त्यांची चौथी बसलेली. ते म्हणाले, "प्रता…"

"पगड," पहिली रांग ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज तिसरीतल्या मंगळीचा होता.

"बरोबर. शाब्बास," गुरुजी म्हणाले.

निवेदिकेचं हसू तसंच राहिलं, फक्त जरा ताणलं. "सर, प्रेक्षकांची मदत चालत नाही. तुमचे दहा गुण वजा होतील."

"ती मदत नाय, मॅडम. ती आमची पद्धत हाय."

"नियम आहे, सर."

गुरुजींनी मुलांकडे वळून दटावलं, "तोंडावर बो…"

"ट," मुलं म्हणाली आणि बावीस बोटं बावीस तोंडांवर गेली. कॅमेरावाल्याला हे दृश्य फार आवडलं. तो तिथून हलेना.

दुसऱ्या फेरीत मिठाच्या सत्याग्रहाचा प्रश्न आला. गुरुजींनी मांडीवर मूठ दाबून धरली, मनाशी ठरवलं की शब्द पुरा बोलायचा, आणि तोंड उघडलं. "दां…"

मुलं गप्प होती. पण मागे चाळीस शिक्षक बसले होते, आणि त्यांचीही हयात याच पद्धतीत गेलेली. "डी," सगळं सभागृह म्हणालं.

आणखी दहा गुण गेले. साहेब पहिल्या रांगेतून उठून मागे वळले. "लाजा वाटतात का? मास्तर आहात का पोरं? घाला बोटं तोंडावर."

तेव्हापासून चाळीस शिक्षकही तोंडावर बोट ठेवून बसले. टाळ्यांना आणलेली माणसं, पण एका हाताने टाळी वाजेना, त्यामुळे टाळ्याही बंद झाल्या. त्या शांततेत गुरुजी एकेक शब्द दाताखाली धरून पुरा बोलू लागले. घाम पुसत त्यांनी गेलेले गुण भरून काढले. शेवटच्या प्रश्नाला दोघांचे गुण सारखे झाले.

"शेवटचा प्रश्न खुला," निवेदिका म्हणाली. "घंटी नाही. जो आधी उत्तर देईल, चषक त्याचा. सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?"

गुरुजींना आधी खरंच वाटेना. हे चौथीच्या पुस्तकातलं होतं. मंगळीला येत होतं, पूजाला येत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मुरबाडची शाळा उभी राहिली, फाटक, घंटा, आणि रोज संध्याकाळी बापाचं बोट धरून घरी चाललेली पोर. उत्तर इतकं ओळखीचं होतं की त्यांना सावध राहायचं भान राहिलं नाही. ते मोकळेपणाने म्हणाले, "गु…"

आणि थांबले.

सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही. त्रेसष्ट माणसांची बोटं तोंडावर होती, साहेबांचंही धरून. 'गु' हे अक्षर तसंच हवेत लटकत राहिलं. मागे कुणीतरी बोटाआडून फिस्सकन हसलं. गुरुजी वाट बघत होते. अकरा वर्षांत त्यांचा शब्द असा उघड्यावर कुणी टाकला नव्हता. निवेदिका आणि परीक्षक सोडले तर त्या जागेत मोकळं तोंड एकच होतं, सरस्वती बाईंचं, आणि त्याच्यापुढे माईक होता. बाई एकोणीस वर्षं शिक्षिका होत्या. अर्धा शब्द नुसता ऐकत बसणं त्यांना सोसवेना.

"रू," बाई म्हणाल्या.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "शाब्बास. बसा खाली."

बाई खरोखरच बसल्या.

मग परीक्षकांची डोकी एकत्र आली. एक म्हणाले, पूर्ण उत्तर कुणीच दिलेलं नाही. दुसरे म्हणाले, सुरुवात निचित्यांची, म्हणून मान त्यांचा. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्मा काढला.

"निचिते सर, बाईंना तुम्ही शाब्बास म्हणालात का?"

"ते सवयीनं, सर."

"म्हणालात ना?"

"म्हनालो."

"मग प्रतिस्पर्ध्यानेच उत्तर बरोबर असल्याचं मान्य केलंय. आता आम्ही काय बोलणार?"

चषक बाईंना मिळाला. फणसेकर साहेबांनी माईक हातात घेतला. समोर कॅमेरा चालू असताना त्यांनी कधी थोडक्यात आटोपलं नव्हतं. "असं रत्न शहरगावात कुजवायचं?" ते म्हणाले. "ज्ञानाची खरी गरज डोंगरदऱ्यांत आहे. उंबरमाळीच्या शाळेत सात वर्षं जागा रिकामी आहे. मी देसले बाईंना ती जागा देतो. शाळेचं बघतो म्हणालो होतो, बघितलं." चाळीस शिक्षकांनी तोंडावरची बोटं काढून कडाडून टाळ्या वाजवल्या. बाईंनी चषक छातीशी धरला होता. आपल्याला बक्षीस मिळालंय की शिक्षा, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात जवळून दिसत होता. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

तीन आठवड्यांनी कार्यक्रम दाखवला गेला. रविवार होता, त्यामुळे गुरुजींना तो घरी बसून, शेजाऱ्यांसह बघावा लागला. 'गु' आला तेव्हा शेजारी हसले. देवकी उठून आत गेली.

"अवं, एक अक्षर होतं," ती आतून म्हणाली. "एक अक्षर. मी कुटं मागं लागले होते तुमच्या, पाणी मागताना पुरं बोला म्हणून? तिथं तरी बोलायचं."

पूजा टीव्हीकडे बघत होती. "बाबा, मी बोलले होते," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही थांबलात तेव्हा. मी लगेच रू म्हटलं. बाईंच्या आधी."

गुरुजींना तिला शाब्बास म्हणायचं होतं. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. उलट बाई निघाल्या म्हणजे मुरबाडची जागा रिकामी झाली, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, आता जागा हाय."

"होती," साहेब म्हणाले. "आमच्या मेहुणीला दिली. आणि निचिते, तुम्ही निघालात तर नव्या बाईंना वाट कोण दाखवणार? नवखं माणूस आहे, डोंगर आहे. जरा माणुसकी ठेवा."

जूनमध्ये शाळा उघडली. सरस्वती बाई वर पोचल्या तेव्हा चपलांचे पट्टे तुटलेले होते आणि चपला हातात होत्या. गुरुजींनी त्यांना माठातलं पाणी दिलं आणि खोलीतली एकुलती खुर्चीही दिली. मुलांनी बाईंना ओळखलं. टीव्हीतली बाई आपल्याकडे आली म्हणून मुलं खूश होती. मंगळी पुढे सरकून अगदी पायाशी बसली.

"तुम्हाला किती वर्षं झाली, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

"हे बारावं."

बाईंनी मान हलवली. पोरांपुढे रडायचं नाही असं त्यांनी खालीच ठरवलेलं दिसत होतं. "माझं एक वर्षाचंच आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांनी तसा शब्द दिलाय. पुढच्या जूनमध्ये माझी बदली हो…"

आणि घोटभर पाणी प्यायला त्या थांबल्या.

"णार नाय," बावीस मुलं एका सुरात म्हणाली.

मग सगळ्यांनी सवयीने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींच्या ओठांवर 'बरोबर, शाब्बास' आलंच होतं. या वेळी मात्र त्यांनी झटकन तोंडावर बोट ठेवलं.