ऑल्वेजचं स्टूल

इंग्रजीत माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या मजल्यावर कोणी नाही! फक्त बोलायची वेळ आली की जरा घोळ होतो.

आमच्या पुष्करने माहीमच्या मेलानीशी लग्न करायचं ठरवलं आणि तिचे आईवडील, विल्फ्रेड आणि व्हायोला, रविवारी आमच्याकडे गिरगावात चहाला यायचे झाले. सुरुवात मीच करणार, तीही इंग्रजीत, असं मी घरात जाहीर केलं. 'वी हॅव ऑल्वेज बीन वेटिंग टू मीट यू.' वाक्य झकास, पण ते मेलं ऑल्वेज एका जागी ठरेना. कधी हॅवच्या आधी घुसे, कधी बीनच्या मागे लपे. शेवटी मी ते फर्निचरवर बसवलं. वेताची खुर्ची म्हणजे हॅव, सोफा म्हणजे बीन आणि दोघांच्या मधलं लाकडी स्टूल म्हणजे ऑल्वेज. नुसती नजर फिरवायची, वाक्य सरळ बाहेर. बायको मीनाक्षी म्हणाली, मराठीत बोला की. पुष्करही काहीतरी सांगायला आला होता. दोघांनाही मी गप्प केलं.

पाहुणे आले. मी घसा खाकरून "वी हॅव" म्हणतोय, तोच व्हायोलाबाईंनी स्टूल उचललं आणि पंख्याखाली नेऊन त्यावर बसल्या. माझं ऑल्वेजच गेलं! मी हसत हसत त्यांना उठवलं आणि स्टूल जागेवर आणलं. त्यांना उकडत होतं, त्यांनी ते परत नेलं. मी परत उठवलं.

तिसऱ्यांदा उठवल्यावर विल्फ्रेडही उभे राहिले.

"चल गो," ते बायकोला शांतपणे म्हणाले, "यांना आपलं बसनं आवडत नाय."

पुष्करचा चेहरा पांढराफटक पडला. मेलानी तर चप्पल घालायला निघाली. पोराचं लग्न एका स्टुलापायी मोडत होतं. मी हात जोडले आणि हॅवपासून बीनपर्यंत सगळं कबूल करून टाकलं, अर्थात मराठीत.

व्हायोलाबाईंना हसून हसून ठसका लागला. "आवो, आमच्या घरात पयल्यापासून मराठीच बोलतात. पोरानं सांगितलं नाय तुमाला?"

"सांगू कुठे दिलंत, बाबा?" पुष्कर म्हणाला.

लग्न झालं. माझं वाक्य मात्र राहूनच गेलं. आता विहीणबाई आल्या की दारातूनच विचारतात, "व्याहीबुवा, ऑल्वेज कुठं ठेवू?"

मी तोंड उघडायच्या आत मीनाक्षी सांगते, "पंख्याखाली."