समजाकाकांचे प्रश्न

आहेरकाका लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब हलवून बघतात आणि मग नवरा-नवरीकडे बघतात. खांब पक्के निघाले तर अक्षता टाकतात. डुगडुगले तर मांडववाल्याला शोधायला जातात, ते मंगलाष्टकं संपेपर्यंत परत येत नाहीत. आमच्याच इमारतीतल्या एका लग्नात त्यांनी ऐन मुहूर्तावर मुलीच्या मामाला गाठून विचारलं होतं, "समजा, जनरेटरनं पेट घेतला, तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता?" मामा बिचारा भाचीला तिथंच सोडून भटारखान्यामागचं दार दाखवायला गेला.

'समजा' हा काकांचा शब्द. बाकीची माणसं बोलायला लागताना 'अहो' म्हणतात, 'ऐकलंत का' म्हणतात. काका 'समजा' म्हणतात आणि त्यापुढे एक संकट उभं करतात. सोसायटीतली पोरं त्यांना समजाकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. गणपतीत आमच्याकडे आरतीच्या तबकाशेजारी वाळूची बादली असते, ती त्यांचीच. आता इतकी वर्षं झाली आहेत की पूजेच्या वेळी कुणीतरी त्या बादलीलाही हळदीकुंकू लावून टाकतं.

सातपूरच्या एका कारखान्यात ते सुरक्षा विभागात होते. कारखान्यातून निवृत्त झाले, समजातून नाही झाले. पण काकूंना विचाराल तर हा रोग नोकरीच्याही आधीचा. काका देवळ्याचे, काकू सटाण्याकडच्या. "मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्या वडलांना पहिला प्रश्न काय केला? म्हणे, तुमच्या विहिरीला कठडा का नाही? वडलांना वाटलं, हुंड्यात कठडा मागतात का काय," असं काकू सांगतात. साखरपुड्याच्या आत कठडा बांधून झाला होता.

आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. त्यांचा मुलगा नीलेश, सून पल्लवी, आणि नात ओवी. ओवी आणि माझा मल्हार एकाच वयाचे, म्हणजे सोफ्यावरून उडी मारण्याच्या वयाचे. खालच्या पार्किंगमध्ये गाड्या असतात आणि गच्चीला कुलूप असतं, म्हणून दोघं उड्या मारायच्या त्या घरातच मारतात. त्या वर्षी दोघांनाही बालवाडीत घालायचं होतं.

गंगापूर गावाच्या पुढे द्राक्षबागांना लागून एक आमराई आहे. तिथं वर्षाताई उघड्यावरची बालवाडी चालवतात. भिंती नाहीत, बाक नाहीत, फळा नाही. वीज कडाडली तर जाऊन बसायला एक पक्की खोली तेवढी आहे. मुलं दिवसभर माती कालवतात, पाला गोळा करतात, बी पेरतात आणि दुसऱ्या दिवशी उगवलं का म्हणून उकरून बघतात. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हे तर पोरांनी शाळेत पाठवलं नसतं तरी केलं असतं." पण मला शाळा आवडली होती आणि पल्लवीला माझ्याहूनही जास्त आवडली होती. आमराई पहिल्यांदा बघून घरी आल्यावर तिनं ओवीला मांडीवर घेऊन फक्त मुंगीच्या वारुळाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं.

पालकांच्या शंकांसाठी वर्षाताईंनी एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. मी, पल्लवी आणि दोन्ही पोरं माझ्या गाडीतून गेलो. काका त्यांच्या स्कूटरवर, हेल्मेट घालून, मागून आले. सगळं घर एका गाडीत बसू नये असा त्यांचा नियम आहे.

आंब्याखाली सतरंजी टाकली होती. काकांनी बसायच्या आधी वर बघितलं, एक वाळकी फांदी हेरली, आणि सगळ्यांना उठवून सतरंजी चार हात सरकवून घेतली. मग पालकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. इंग्रजी कधीपासून? पहिलीत गेल्यावर बाकावर बसेल का? वर्षाताई म्हणाल्या, "जे मूल झाडावर तोल सांभाळतं ते बाकावरही बसतं." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"समजा, पाऊस आला."

"भिजतात, काका. रेनकोट, गमबूट असतात. कपड्यांचे दोन जोड दप्तरात."

"समजा, ते दोन्ही जोड भिजले."

"जुन्या कपड्यांची पेटी भरून ठेवली आहे. पावसाळ्यात कुणाचा सदरा कुणीही घालून घरी जातं."

"समजा, शी लागली."

"मागे छोट्यांच्या मापाचा संडास आहे. मावशी बरोबर जातात."

"समजा, दोघांना एकदम लागली."

"दोन मावशी आहेत."

काकांनी मान हलवली. ही त्यांची मान फार बारीक हलते. माहीत नसलं तर माशी उडवली असं वाटतं.

"समजा, साप निघाला." यावर वर्षाताईंनी नीट सांगितलं. सकाळी मुलं यायच्या आत काठ्या आपटत सगळी आमराई फिरायची, गवत वाढू द्यायचं नाही, बूट झटकून घालायचे. मुलांना एकच शिकवलेलं, दिसलं की हात लावायचा नाही, मोठ्यानं 'थांबा' म्हणायचं आणि मागे यायचं.

"समजा, बिबट्या आला."

दुसऱ्या गावात इथं हशा पिकला असता. नाशकात कुणी हसलं नाही, कारण निम्म्या पालकांच्या फोनवर कुठल्या ना कुठल्या कॉलनीत फिरणाऱ्या बिबट्याचा व्हिडिओ होता. वर्षाताई म्हणाल्या, "बिबट्या बहुतेक अंधारात फिरतो आणि आपली शाळा उन्हातली. कुंपण आहे, कुणी मूल एकटं कुठं जात नाही. तरी आसपास कुणाला दिसला, ठसे आढळले, तर त्या दिवशी शाळा बंद."

"समजा, शेजारच्या बागेत औषध फवारलं आणि वारा इकडचा असला."

आता मात्र वर्षाताईंनी वळून बागेकडे बघितलं. मग प्रांजळपणे म्हणाल्या, "हा प्रश्न खरा आहे, काका. मी बोलायला हवं त्यांच्याशी."

"मी बोलतो," काका म्हणाले.

येताना घराजवळ आल्यावर पल्लवी सासऱ्यांबद्दल म्हणाली, "पप्पांना नकोय गं. बघितलंस ना."

मीही तेच बघितलं होतं. पुढे तर रोजच दिसायला लागलं. जेवायला बसलं की एक नवीन समजा पानात पडायचा. समजा, कडाक्याची थंडी पडली. समजा, गांधीलमाशी चावली. समजा, ताईंनाच ताप आला. दिवसाआड काका स्कूटर काढून आमराईकडे जायचे. तिथं बागवाल्याच्या खाटेवर बसून त्याला पटवायचे. तो दिंडोरीकडचा माणूस, ऐकणारा नव्हता. "काका, पानावर डावणीचा रोग दिसला का मी काय मुहूर्त बघत बसू? एक दिवस चुकला तं बाग हातची जाती. लय खर्चाचं काम हाय हे," असं त्यानं पहिल्या दिवशी ऐकवलं. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हे सगळं ते घरी सांगत नव्हते, मलाही नंतर कळलं. विचारणारं कुणी नव्हतं, आणि न विचारता सांगणं हे त्यांच्या स्वभावात नाही.

घरी नीलेशनं पल्लवीला समजावलं, आणि पल्लवीनं ते मला सांगितलं. सातवीत असताना त्यांच्या वर्गाची सहल इगतपुरीकडे धरण बघायला जाणार होती. नीलेशनं घरी विचारलं. पप्पा सुरू झाले. समजा, घाटात बसचा ब्रेक गेला. समजा, तू पाण्याजवळ गेलास. नीलेशला कळलं, सहल गेली. तो उठून आत गेला आणि शाळेत सांगून टाकलं की मी येणार नाही. त्यानंतर त्यानं वडलांना काही विचारलंच नाही. कॉलेज, नोकरी, अगदी पल्लवीसुद्धा, सगळं ठरल्यावर सांगितलं. "आता या वयात त्यांच्याशी वाद नको," तो म्हणाला. "त्यांच्या जिवाला घोर लागेल. ओवीला दुसरीकडे घालू." पल्लवी एक रात्र रडली आणि तयार झाली. कॉलेज रोडला एक बंदिस्त शाळा आहे. एसी आहे, जमीन रबराची आहे, वर्गातलं सगळं आईवडलांना फोनवर दिसतं. शनिवारी प्रवेश घेऊन झाला.

रविवारी सकाळी काका माझ्या दारात. बुटाला चिखल, आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा.

"झालं. संपले प्रश्न," ते म्हणाले. "बांधाकडच्या ओळी तो शाळा सुटल्यावर फवारणार, संध्याकाळी. आधी ताईंना फोन करणार. कबूल झाला." त्या नादात त्यांनी त्याच्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर झाकणही बसवून घेतलं होतं, ते वेगळंच. "मल्हारचे गमबूट कुठून आणले? ओवीला थोडे मोठेच घ्यावेत म्हणतो. थंडीत आत मोजे घालता येतील."

मी त्यांना आधी आत या म्हटलं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि पल्लवी पेढे घेऊन आली.

"पप्पा, तोंड गोड करा. तुमचं ऐकलं आम्ही. ओवीला कॉलेज रोडच्या शाळेत घातलं. कालच प्रवेश झाला." तिनं फोनवर वर्ग दाखवला. "बघा, एकही कोपरा टोकदार नाही."

काकांनी पेढा घेतला. फोनकडे बघितलं. जिना किती रुंद आहे, एसी बंद पडला तर खिडकी उघडते का, व्हॅन कोण चालवतो, यातलं काही विचारलं नाही.

"चांगलं केलं, बेटा," ते म्हणाले.

पल्लवी समाधानानं आत गेली. काका आमच्या खुर्चीवर बसले. पेढा हातात तसाच होता.

"काका, तुम्ही तर विरोधात होता ना?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"एवढे प्रश्न विचारत होतात."

ते म्हणाले, "कारखान्यात माणूस यायचा. साहेब, चिमणीवर चढायचंय. ज्याला चढू द्यायचं नाही, त्याला मी कधी प्रश्न विचारला नाही. सरळ नाही म्हणायचो, विषय संपला. प्रश्न असायचे ते ज्याला चढवायचा त्याला. दोर कोणता, खाली कोण उभा राहील, वारा किती. सगळ्या खात्याला माहीत होतं, आहेरसाहेब विचारायला लागले म्हणजे परवानगी मिळाली."

"घरी कुणाला माहीत नव्हतं, काका," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही म्हणून नीलेशच्या सहलीचंही बोलून गेले.

"सहलीला मी हो म्हणणार होतो," ते म्हणाले. "बसच्या ड्रायव्हरला भेटून आलो होतो मी. पोरगं मधेच उठून गेलं. मला वाटलं, त्यालाच नाही जायचं." पेढा टेबलावर ठेवत म्हणाले, "दोनच प्रश्न राहिले होते."

मला त्यांची फार कीव आली, आणि त्यांचा रागही आला. एवढं साधं वाक्य माणसानं आधी बोलू नये? पण ते पुढे बोलत होते, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "आम्ही देवळ्याला दिवसदिवस रानात असायचो. कांद्याच्या चाळीत झोपून जायचो. रात्री घरी आलो तरी बाप विचारायचा नाही, कुठं होतास. शेजारच्या पोराला त्याची आई विचारायची. सावलीत बसला का, पाणी पिला का, काही चावलं का. मला त्या पोराचा हेवा वाटायचा. विचारणारं माणूस पाहिजे, असं वाटायचं."

"आता सांगा ना दोघांना," मी म्हटलं. "अजून वेळ गेलेली नाही. वर्षाताईंकडे जागा आहे."

"नको. पल्लवीला ती आमराई किती आवडली होती, मी बघितलंय. माझ्या जिवाला घोर नको म्हणून सोडली तिनं. आता सांगितलं की मला पाहिजेच होती, तर तिला कसं वाटेल? तू पण सांगू नको."

मी वचन दिलं. आजही वाटतं, द्यायला नको होतं.

जूनपासून ओवी व्हॅननं शाळेत जाते. काका रोज तिला सोडायला खाली येतात. व्हॅनचे टायर वाकून बघतात, दार नीट लागलं का ते ओढून बघतात, ड्रायव्हरला काही विचारत नाहीत. ओवी खिडकीतून हात हलवते. ती दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकापाशी उभे राहतात आणि मग जिन्यानं वर येतात. लिफ्टवर अजून त्यांचा विश्वास नाही.

परवा मी गॅलरीत मल्हारचे चिखलाचे कपडे पिळत होते. त्यांच्या गॅलरीतून पल्लवी ते बघत होती, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "पण एक बरं झालं हं. पप्पा इतके शांत झालेत. एवढी वर्षं बघतेय, पहिल्यांदाच त्यांनी एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. मनापासून पसंत पडली त्यांना शाळा."

मी हो म्हटलं, आणि कपडे दोरीवर टाकत राहिले.