इटलीची ती आणि सबनीसकाका

एकदा लिफ्टमध्ये सबनीसकाका खाली मान घालून उभे होते. चौथ्या मजल्यावरच्या भाटियाआंटींनी काय झालं म्हणून विचारलं. काका म्हणाले, "बेल्जियमवाली नहीं रही. जल गई."

आंटींनी छातीवर हात ठेवला. वय काय होतं, असं हळूच विचारलं. पन्नाशीच्या आसपास, असं काकांनी सांगितलं. संध्याकाळी आंटी खिचडीचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. काकांनी आभार मानले आणि खिचडी खाल्ली. बेल्जियमवाली म्हणजे एक मोटार होती, हे आंटींना मी सांगितलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी अबोला धरला, तो काकांशी नाही, माझ्याशी.

काका दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे साताऱ्याचे. सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आहे ती फक्त ती गाडी, आणि तीही त्यांची नाही. इटलीत कधीकाळी एक स्पोर्ट्स कार निघाली होती. जमिनीला चिकटलेली, पाचरीसारखी, दारं वर उघडणारी. मोजक्याच बनल्या. त्यातल्या कुठल्या अजून आहेत आणि कुठल्या गेल्या, याचा माग काढणारी माणसं जगभर आहेत आणि काका त्यांच्यातले एक. गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा उच्चार ऐकला की काका डोळे मिटून घेतात.

त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. लायसन्सच नाही. मी एकदा त्यावरून चिडवलं, तर म्हणाले, "पक्षी बघणारे उडतात का?"

त्यांचा आवडता शब्द 'पुरावा'. मेथी आजचीच आहे असं भाजीवाला म्हणाला, की "सबूत?" मी ऑफिसातून उशिरा येऊन ट्रॅफिकला दोष दिला, तरी "पुरावा?" परदेशातून कुणी जुन्या गाडीचे फोटो पाठवले, की काका भिंग घेऊन बसतात आणि बहुतेक वेळा एका शब्दाचं उत्तर धाडतात: नाही. गुडगावच्या एका फार्महाऊसवर यजमानांनी मोठ्या हौसेने आपली गाडी दाखवली, तेव्हा काकांनी वायपरकडे पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर "नकली" म्हणून मोकळे झाले. चहासुद्धा न घेता परतले. परत येताना मीच मेट्रोभर ओशाळले होते. काका मजेत होते.

त्यांचं खरं दुखणं एकच. त्या गाड्यांपैकी एक फार पूर्वी मुंबई बंदरात उतरली आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही. काका तिला 'आपली मुंबईची' म्हणतात. त्यामुळे गाझियाबादच्या एका बंद कारखान्यात तशीच पिवळी गाडी असल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि माझं दार वाजवलं. रविवार होता. मी माझी गाडी काढली.

कारखाना तनेजा नावाच्या वृद्ध गृहस्थांचा. लेथवर सुटे भाग बनवायचे, आता सगळं थांबलेलं. गाडी त्यांच्या मुलाची. काही वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला. मुंबईच्या कुणाकडून तरी विकत घेतली असं त्याने सांगितलं होतं, आणि असलं विलायती भंगार घरात आणलं म्हणून बापलेकांचं वाजलं होतं. ते शेवटपर्यंत नीट मिटलं नाही.

तनेजांनी ताडपत्री काढली. मला तर ती हुबेहूब वाटली. काका मात्र इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर झोपले आणि सरपटत गाडीखाली गेले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. आता तो शब्द येणार, म्हणून मी गाडीची किल्ली हातात घेतली.

"असली है ना?" तनेजांनी विचारलं.

"इटली की नहीं है," काका म्हणाले. मग हात पुसत राहिले. "आपके बेटे ने बनाई है. अपने हाथ से."

तनेजांना ते पटेना. काकांनी त्यांना दाराशी नेलं आणि आतल्या कडेवरचे कानशीचे ओरखडे दाखवले. बॉडी फायबरची, इंजिन साध्या देशी गाडीचं. पण काचेचा बाक इतका अचूक, की आपण फोटोवरून कधीच ओळखलं नसतं, असं काकांनी कबूल केलं. स्टीअरिंगच्या मागचा एक लोखंडी भाग चाचपताना तनेजांचा हात थबकला. तो त्यांच्याच लेथवर घडलेला होता. त्या मशीनची खूण त्यांना डोळे मिटूनही कळली असती.

ते तिथल्याच स्टुलावर बसले. मुलाला आपण कामगारांसमोर म्हणालो होतो, की तुझ्या हातून एक बोल्टही सरळ होणार नाही. म्हणूनच 'मी बनवली' असं तो म्हणाला नसेल, हे ते काकांना सांगत राहिले. काका जवळ उभे होते. त्यांनी पुरावा मागितला नाही.

परतताना यमुनेच्या पुलावर ते म्हणाले, "आपली मुंबईची अजून हरवलेलीच आहे." आवाजात म्हणावी तशी निराशा नव्हती.

तेव्हापासून काका दर रविवारी द्वारकेहून गाझियाबादच्या वैशाली स्टेशनपर्यंत मेट्रोने जातात, पुढे तनेजांच्या कारखान्यापर्यंत ई-रिक्षा. मी एकदा विचारलं, गाडी सुरू झाली का?

"नाही. होणारही नाही."

"मग करता काय दिवसभर?"

"आत बसतो. ते ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारी. ते मुलाबद्दल सांगतात. मी सुधाबद्दल."

सुधा म्हणजे काकू. इतक्या वर्षांत त्यांचं नाव मी काकांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"फार खाली आहे हो ती गाडी," आपल्या दाराच्या कुलपात किल्ली घालत काका म्हणाले. "उठताना दोघांनाही त्रास होतो. म्हणून मग अजून थोडं बसतो."